शंका तुमच्या, खटपट आमची: बोचकं सोडायचं कसं?

या महिन्यात तीन पत्रं एकाच जातीची आली, टार किंवा झिप करून बांधलेल्या फायली सोडायच्या कशा, म्हणून सगळा अंक त्यावरच. आधीच सांगून ठेवतो, कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्यात, टाईप करताना इंग्रजी अक्षरं टाकायची आणि सगळी स्मॉल, मी मुद्दाम कॅपिटल म्हणेन ते अक्षर सोडून.

प्रश्न: आमच्या वाचनालयाची जुनी रजिस्टरं पुतण्याने स्कॅन करून पेनड्राइव्हवर दिली. फाईलचं नाव ‘रजिस्टर.टार.जीझेड’. माझ्याकडे विंडोज १० आहे, डबल क्लिक केलं की कशाने उघडू विचारतं. पुतण्या म्हणतो काका, काळी खिडकी उघडून एक ओळ टाका, झालं. मला त्या खिडकीची धास्ती वाटते. काही उडालं तर? — एक निवृत्त शिक्षक, कराड

सर, धास्ती अगदीच अनाठायी नाहीये, त्यावर येतोच. आधी हे दोन आडनावांचं प्रकरण काय ते बघू. टार म्हणजे टेप आर्काइव्ह, १९७९ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनचा प्रोग्रॅम, तेव्हा बॅकअप टेपवर घ्यायचे. हा नुसतं बोचकं बांधतो, शंभर फायली एकामागे एक रचून एकच फाईल करतो, दाबत अजिबात नाही. दाबायचं काम जीझिपचं, तो आला १९९२ मध्ये. म्हणजे आधी गाठोडं बांधलं आणि मग त्यावर बसून दाबलं, म्हणून नावात टार आधी आणि जीझेड नंतर. (तुमचे स्कॅन जेपीजी असतील तर ते मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे एवढं करून साईझ फारशी कमी झालेली दिसणार नाही, पुतण्याला बोल लावू नका.)

चांगली गोष्ट अशी की २०१८ पासून विंडोज १० मध्ये टार आयताच येतो, वेगळं काही घालावं लागत नाही. फाईल पेनड्राइव्हवरून आधी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये घ्या, तो फोल्डर उघडा, वरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी टाईप करून एंटर दाबा, काळी खिडकी बरोबर त्याच फोल्डरमध्ये उघडेल. मग पहिली ओळ ही टाका:

टार -टीएफ रजिस्टर.टार.जीझेड

याने काहीही बाहेर निघत नाही, आत काय काय आहे त्याची फक्त यादी येते. ही यादी नीट बघा. प्रत्येक ओळ ‘रजिस्टर/…’ अशी सुरू होत असेल तर आत फोल्डर आहे, सगळं त्यातच उतरेल. पण नुसतीच ‘पान००१.जेपीजी, पान००२.जेपीजी’ अशी मोकळी नावं असतील तर तुम्ही जिथे उभे आहात तिथेच सगळं सांडणार.

हे मी एवढं घोळवून सांगतोय कारण मी स्वतः सांडलेलं आहे. जुन्या नोकरीत सर्व्हरवर होम फोल्डरमध्येच असं एक बोचकं न बघता सोडलं, आत फोल्डर नव्हता, हजारभर फायली माझ्या फायलींमध्ये मिसळल्या आणि त्यात रीडमी नावाची एक फाईल होती, तिने माझी त्याच नावाची फाईल खाल्ली. विचारलं पण नाही. टारचा स्वभावच तसा, जुनी फाईल असली तरी बेधडक वरून लिहितो. झिपवाला अनझिप निदान थांबून विचारतो, रिप्लेस करू का म्हणून. तर तुमची धास्ती खरी आहे ती एवढ्यापुरती. उपाय सोपा, आधी रिकामा फोल्डर करा आणि त्यातच सोडा:

एमडी जुनी
टार -एक्सएफ रजिस्टर.टार.जीझेड -सी जुनी

दुसऱ्या ओळीतला सी कॅपिटल. फोल्डर आधी केलेला असावाच लागतो, टार स्वतः करून देत नाही. एक्स म्हणजे बाहेर काढ आणि एफ म्हणजे पुढे येतंय ते फाईलचं नाव, म्हणून एफ नेहमी शेवटी; -एफएक्स असं उलटं टाकलंत तर तो ‘एक्स’ हेच फाईलचं नाव समजतो आणि काम काय करायचं ते सांगितलंच नाही म्हणून अडून बसतो. एंटर दाबल्यावर थोडा वेळ काहीच होणार नाही, मग गुपचूप पुढची ओळ येईल. काही बोलला नाही म्हणजे काम झालं, हा या जमातीचा रिवाज आहे. गप्प बसलेला बघवत नसेल तर -एक्सव्हीएफ करा, एकेक नाव पुटपुटत जाईल.

प्रश्न: गूगल ड्राइव्हवरून प्रोजेक्टचा मोठा फोल्डर डाउनलोड केला तर सात झिप आल्या. लॅबमध्ये लिनक्स आहे, मी ‘अनझिप *.झिप’ टाकलं तर कॉशन, फाईलनेम नॉट मॅच्ड असं प्रत्येक नावापुढे येतंय, पण फायली तर समोर दिसतायत! आणि सात तुकडे आधी जोडायचे असतात का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

अगं, यात तुझी चूक काहीच नाही, यात सगळेच एकदा तरी अडकतात. तू तारा (*) टाकलास, पण तो अनझिपपर्यंत पोचलाच नाही, शेलने (म्हणजे तू टाकलेली ओळ वाचून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) मध्येच पकडून त्याच्या जागी सातही नावं लिहून टाकली. आता अनझिपचा नियम असा की पहिलं नाव झिपचं, पुढची सगळी नावं म्हणजे त्या झिपच्या आतून कोणत्या फायली हव्यात ते. म्हणजे तो बिचारा पहिल्या झिपच्या पोटात बाकीच्या सहा झिप शोधत होता. ताऱ्याला सिंगल कोटमध्ये घाल:

अनझिप '*.झिप' -डी प्रोजेक्ट

मग शेल हात लावत नाही, अनझिप स्वतः तारा वाचतो आणि एकेक झिप सोडतो. -डी म्हणजे कुठे काढायचं, आणि टारसारखं इथे फोल्डर आधी करावा लागत नाही.

जोडायचं म्हणशील तर नाही. ड्राइव्हने दिलेली प्रत्येक झिप स्वतंत्र, पूर्ण असते. सगळ्या एकाच ठिकाणी सोडल्या की सारख्या नावाचे फोल्डर आपोआप एकत्र येतात. पण फाईलच्या नावाच्या शेवटी .००१, .००२ असं असेल तर ते खरोखर कापलेले तुकडे, तिथे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅमला फक्त पहिला दाखवायचा: ‘७झेड एक्स प्रोजेक्ट.७झेड.००१’, बाकीचे तो शोधून घेतो. तिथे एक्सच टाक हं, ई नको. ई टाकलंस तर आतले फोल्डर मोडून सगळ्या फायली एका ढिगात येतात आणि दहा फोल्डरमधल्या दहा ‘इंडेक्स’ फायली एकमेकींच्या उरावर बसतात.

प्रश्न: भावाने दुबईहून लग्नाच्या फोटोंची झिप पाठवली. अनझिप म्हणतो एंड-ऑफ-सेंट्रल-डिरेक्टरी सापडत नाही. फोटो गेले का? — एक वाचक, रत्नागिरी

नाही हो, बहुतेक डाउनलोड अर्धवट झालंय. झिपमध्ये कोणता फोटो कुठे आहे त्याची अनुक्रमणिका पुस्तकासारखी पुढे नसते, अगदी शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की ९५ टक्के माल हातात असूनही अनझिपला कुठून सुरू करायचं कळत नाही. भावाला फाईलची साईझ बाइट्समध्ये विचारा आणि तुमच्याकडची (लिनक्सवर) ‘एलएस -एल’ करून ताडून बघा. आणि ‘फाईल फोटो.झिप’ अशीही एक कमांड मारा, फाईल नावाचीच कमांड आहे ती, नावाकडे न बघता आतला ऐवज ओळखते. कधीकधी उत्तर येतं एचटीएमएल डॉक्युमेंट, म्हणजे फोटोंऐवजी लॉगिनचं पान उतरवून घेतलेलं असतं आणि नाव मात्र झिप.

साईझ कमी भरली तर परत उतरवा, ते सगळ्यात बरं. भावाकडची मूळ उडालीच असेल तर ‘झिप -एफएफ फोटो.झिप --आउट नवी.झिप’ करून बघा, इथे दोन्ही एफ कॅपिटल. फाईल पुढून मागे चाळत जे फोटो पूर्ण सापडतील ते नव्या झिपमध्ये भरतं. मग ‘अनझिप -टी नवी.झिप’ ने तपासा, ज्या फोटोपुढे ओके येईल तो शाबूत. बाकीचे भावाच्या फोनमध्ये अजून असतील, त्याने फोन बदलायच्या आत मागून घ्या.