ओलेइक आम्ल असलेल्या तेलाचा थेंब आणि अल्कली-सर्फॅक्टंट द्रावण (म्हणजे कॉस्टिक सोडा आणि ताण कमी करणारं, साबणासारखं रसायन घातलेलं पाणी) यांच्या सीमेवरचा ताण आधी घसरून मग वाढतो, त्याचं मॉडेल कसं मांडायचं?

ताणाचा एकच स्थिर आकडा धरू नका. सीमेवर साचलेल्या साबणाचं काळानुसार समीकरण मांडा आणि ताण त्यातून काढा. तेलातलं ओलेइक आम्ल सीमेवर येतं, पाण्यातल्या कॉस्टिकशी भिडून तिथेच साबण होतं आणि तो हळूहळू पाण्यात निघून जातो. म्हणून:

साचण्याचा वेग = (पहिला स्थिरांक × आम्ल × हायड्रॉक्साइड × सीमेवरची रिकामी जागा) − (दुसरा स्थिरांक × साचलेला साबण)

सर्फॅक्टंटला असंच वेगळं समीकरण द्या, पण रिकामी जागा दोघांत सामायिक ठेवा. थेंबातल्या आम्लाच्या घटीचं समीकरण मात्र विसरू नका. आम्ल अखंड धरलं की वक्र खाली जाऊन तिथेच सपाट होतो, तुम्हाला दिसलेली वाढ येतच नाही. साचलेला साबण आणि सर्फॅक्टंट यांवरून ताण लँगम्युर-शिशकोव्स्की समीकरणाने काढा; सीमा किती भरली यावरून ताण किती उतरला ते हे समीकरण सांगतं. मोजलेल्या आकड्यांशी मॉडेल जुळवताना (फिट) ताणाचा लॉग घ्या. एकाच वक्रात 10 आणि 0.01 मिलिन्यूटन प्रति मीटर असले, तर साध्या फिटमध्ये तळ हरवतो. स्पिनिंग ड्रॉपवर, म्हणजे फिरत्या नळीत थेंब लांबवून ताण मोजणाऱ्या उपकरणावर, थेंबाच्या जाडीवरून ताण काढणारं व्हॉनेगटचं सूत्र थेंबाची लांबी व्यासाच्या चौपट झाल्यावरच लावा.

प्रयोग नागपुरात करत असाल, तर बोअरचं पाणी मुळीच वापरू नका; त्यातल्या कॅल्शियमने साबण चोथ्यासारखा खाली बसतो. डिस्टिल्डच घ्या, तेही उकळून, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अल्कली खाणार नाही. मे महिन्यात तापमान स्थिर ठेवायला थर्मोस्टॅट हवाच. मिळालेले स्थिरांक मात्र त्या तेलापुरते आणि त्या तापमानापुरतेच. किमान ताणाची वेळही थेंबाच्या आकारावर ठरते, ती जशीच्या तशी तेलसाठ्याच्या खडकातल्या प्रवाहाला लावू नका.