मोपाहून पणजीला आई-बाबांनी बसने जावं का? आधी दुसरी गाडी बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाबा ७१ वर्षांचे, आई ६६ची. दोघं तुमच्या बहिणीकडे आखातात राहून परत येताहेत. गोव्यातल्या मोपा विमानतळावर संध्याकाळी साडेसहाला उतरणार, पणजीत सांतिनेजला आत्याकडे दोन दिवस राहणार आणि मग कुडाळला घरी. बाबा टॅक्सीला पैसे घालायला तयार नाहीत, "कदंबा आहे ना" म्हणतात, म्हणजे गोवा सरकारची बस. वरच्या उत्तरांत एकाने वाटेतल्या म्हापशाला गाडी बदला म्हटलंय, एकाने रेल्वे सुचवलीय आणि एकाने सरळ डाबोळीचं, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचं, तिकीट काढायला सांगितलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवसाउजेडी उतरणार असते तर बिनधास्त कदंबा. साडेसहाच्या विमानाला मात्र कदंबा एकाच अटीवर: पाटोच्या स्टँडवर, म्हणजे पणजीच्या बसस्टँडवर, आत्याकडचं कोणीतरी न्यायला उभं असलं पाहिजे. तसं जमत नसेल तर विमानतळावरूनच टॅक्सी करा, थेट आत्याच्या दारापर्यंत.

मी बांद्याचा. कामासाठी पणजीला जाणं-येणं असतं आणि मोपा सुरू झाल्यापासून गावातल्या कोणाला ना कोणाला आणायला-सोडायलाही जावं लागतं. त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. लोक विमानतळावरून निघणाऱ्या पहिल्या गाडीचीच चौकशी करतात: बस आहे का, एसी आहे का, तिकीट किती. पहिली गाडी बहुतेक वेळा मिळते. माणूस अडकतो तो दुसऱ्या गाडीला. बस जिथे सोडते तिथून घरापर्यंत, त्या वेळेला, त्या सामानासकट कसं जायचं, याचा विचार कोणी घरून करून निघत नाही. म्हणून निवड करताना शेवटाकडून सुरुवात करा. आत्याचं दार, तिथे पोचायची वेळ, मग पाटो, मग बस, आणि सगळ्यात शेवटी विमान.

आता वेळेचा हिशोब. साडेसहा ही विमान टेकायची वेळ. आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे इमिग्रेशनची रांग, मग बेल्टवर बॅगा, मग कस्टम. आई-बाबांच्या वयाची माणसं सगळ्यांना पुढे जाऊ देतात आणि रांगेत शेवटी उभी राहतात, हेही धरायला हवं. बाहेर पडेपर्यंत साडेसात-आठ झालेच. तिथून मोपा ते पणजी साधारण ३५ किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर तासाभराचं काम, पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून संध्याकाळी तिथे गाड्या खोळंबतात. बस लगेच सुटली असं धरलं तरी पाटोला नऊ-साडेनऊ वाजणार.

आणि गोव्यात स्थानिक बसचा दिवस लवकर संपतो. मुंबईत राहणाऱ्यांना हे पटकन पटत नाही. खाजगी बसगाड्यांचा जोर आठच्या सुमारास ओसरतो, पुढे तुरळक गाड्या. दिवसा पाटोवर नुसता कल्लोळ असतो. बोटांच्या बेचक्यांत नोटांच्या उभ्या घड्या खोवलेले कंडक्टर "म्हापसा म्हापसा" ओरडत असतात. मिरामार-दोनापावलाच्या बस भरत असतात. मडगाव-वास्कोच्या शटलसाठी, म्हणजे मध्ये न थांबणाऱ्या बससाठी, खिडकीवर रांग लागलेली असते, कारण त्या शटलचं तिकीट गाडीत चढण्याआधी खिडकीवरच काढायचं असतं. त्याच स्टँडवर रात्री साडेनऊला उतरलात तर रिक्षावाले मोजके, तेही मागतील तो आकडा. पाटोहून सांतिनेज म्हणजे उरेमची खाडी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला. हातात काही नसेल तर चालत जाता येईल, पण चार बॅगा आणि आईचे गुडघे घेऊन जमणार नाही.

पाटोवर पायलट मिळतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, गोव्यात पायलट म्हणजे भाड्याने माणूस नेणारा मोटरसायकलवाला, पिवळ्या-काळ्या रंगाच्या गाडीचा. पाठीवर एक सॅक असलेल्या एकट्या माणसाला पाटोवरून शहरात कुठेही जायला पायलटसारखी स्वस्त आणि झटपट सोय नाही. तुमच्या आई-बाबांच्या मात्र तो कामाचा नाही.

म्हापशाचा सल्ला देणाऱ्या मित्राला माझा सप्रेम विरोध आहे. म्हापसा मोपाहून जवळ आहे, तिथून पणजीला गाड्या भरपूर, हे खरं, पण ते दुपारी. रात्री सामानासकट गाडी बदलायला म्हातारी माणसं म्हापशाच्या स्टँडवर उतरवू नयेत. गेल्या पावसाळ्यात मी तिथे एक जोडपं बघितलं. वयस्क, तुमच्या आई-बाबांएवढंच. बॅगेला विमानाचा टॅग तसाच लटकत होता, आणि आजोबा ती बॅग पाण्यातून उचलून फलाटाच्या कठड्यावर चढवायला धडपडत होते, तर आजी दोघांच्या डोक्यावर एकच छत्री धरून उभ्या. खाजगी बसच्या कंडक्टरने बॅगा बघितल्या आणि मान हलवून दोरी ओढली. त्याचंही काय चुकलं म्हणा, आत पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी बॅग घेऊन चढायचं तर निघतानाच चढावं आणि शेवटच्या थांब्यालाच उतरावं. मध्ये गाडी बदलायची नाही, हा नियमच करा.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. नकाशावर पेडणे स्टेशन विमानतळाच्या अगदी जवळ दिसतं, म्हणून सगळ्यांनाच ते सुचतं. पण तिथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या, आणि स्टेशनपर्यंत जायला परत टॅक्सीच. पणजीला स्वतःचं स्टेशन नाही. जवळचं स्टेशन करमळी, तेही जुन्या गोव्याच्या अंगाला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. दोन टॅक्सींच्या मध्ये एक ट्रेन कशाला?

डाबोळीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तो सल्ला अगदीच चुकीचा नाही. डाबोळी ते पणजी अंतर थोडं कमी आहे, तिसेक किलोमीटरच्या आत. झुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला तासन्‌तास अडकायची ती जुनी कटकट गेली. शिवाय डाबोळी वस्तीत आहे, गेटबाहेर चालत आलं की वास्कोच्या रस्त्यावर स्थानिक बस मिळते. मोपाचं तसं नाही. तो विमानतळ सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर आहे, आजूबाजूला वस्ती नाही, आणि हमरस्त्याला जोडणारा रस्ताच सहा-सात किलोमीटरचा. "बाहेर जाऊन हायवेवर हात दाखवू" हा विचार मोपाला चालतच नाही, बाबांना हे आधीच सांगून ठेवा. त्यामुळे फक्त पणजीला जायचं असतं तर मी डाबोळीला हरकत घेतली नसती. पण तुमच्या माणसांना शेवटी कुडाळला जायचंय, आणि तिकीटं काढून झालीत. बदलायच्या फंदात पडू नका. फक्त तिकिटावर मोपाच आहे ना, ते एकदा बघा. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, मोपाचा कोड जीओएक्स आणि डाबोळीचा जीओआय. न्यायला आलेला माणूस एकीकडे आणि उतरणारा दुसरीकडे असं झालं तर मध्ये साठेक किलोमीटर पडतात.

आता कदंबाची बस घ्यायची ठरली तर. मोपाहून पणजीला कदंबा महामंडळाच्या एसी इलेक्ट्रिक बस आहेत, म्हापसा, मडगाव, कळंगुटकडेही जातात. गाड्या चांगल्या आहेत. मला मनापासून वाटतं की लोकांनी त्या वापराव्यात. दोन माणसांसाठी सात सीटची गाडी करायची आणि मग बसच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही. बस भरून गेली तरच फेऱ्या टिकतात आणि वाढतात. बाबांचा हट्ट मला म्हणूनच आवडला. पैशांचंही बघा: बसला माणशी शेकड्यात भागतं, टॅक्सीचा आकडा हजाराच्या वर जातो.

बसच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून कोणीतरी दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या वेळापत्रकाच्या फोटोवर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी आत्यांना पाटोवर कदंबाच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारायला सांगा: "मोपाहून रात्री पणजीला शेवटची गाडी किती वाजता सुटते?" शेवटची गाडी किती वाजता, हाच प्रश्न विचारायचा. "बस असते का" विचारलं तर उत्तर "असते" एवढंच येतं. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी मिळणार असेल तरच बस. शेवटच्या गाडीच्या भरवशावर विमानातून उतरू नये, विमान अर्धा तास उशिरा आलं की सगळं फिसकटलं.

गाडीत चढण्याआधी मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या ते ड्रायव्हरला विचारायचं आणि त्या डोळ्यांसमोर राहतील अशी सीट धरायची. खिशात दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा हव्यात. परदेशातून येणाऱ्या माणसाकडे पाचशेच्या नोटा असतात नाहीतर तिकडचं चलन, आणि कंडक्टरशी पहिलं भांडण सुट्ट्यावरून होतं. बहिणीकडे जाताना उरलेले सुटे पैसे आईच्या बटव्यात असतीलच, ते वरच्या कप्प्यात काढून ठेवायला सांगा.

टॅक्सी करायची ठरली तर दोन गोष्टी. मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर इथे गृहीत धरू नका. विमानतळावरच टॅक्सीचे काउंटर आहेत, तिथे भाडं आधी ठरवून पावती घ्यायची. गोवा माइल्सचं टॅक्सीचं ॲपही चालतं, पण ॲपला ओटीपी लागतो, आणि इथेच बहुतेक ज्येष्ठांची गाडी अडते. महिनोन्‌महिने बाहेर राहिल्यावर भारतातल्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो. तुम्ही घरबसल्या आजच दोघांचे रिचार्ज मारा. आणि ॲपच्या भानगडीत त्यांना पाडण्यापेक्षा काउंटरवर जायला सांगा. बाहेर आल्यावर "कुठे जायचं काका?" म्हणत जवळ येणाऱ्याला फक्त मान हलवून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं.

दोन दिवसांनंतरचा कुडाळचा प्रवास सोपा आहे, तो दिवसा करा आणि तिथे बाबांना मनासारखी बस मिळू दे. पाटोहून सिंधुदुर्गाकडे आपली एसटीही आहे आणि कदंबाही. थेट कुडाळची किंवा मालवणची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर सावंतवाडीला उतरून कुडाळ. सावंतवाडीहून गाड्यांची कमी नाही. एसटीने गेलात तर बाबांना ज्येष्ठ म्हणून आणि आईला महिला म्हणून अर्धं तिकीट, पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतच लागू आहे. म्हणजे हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंतचं पूर्ण आणि पुढचं अर्धं. आधार कार्ड हाताशी ठेवायचं, पासपोर्टबरोबर मोठ्या बॅगेच्या तळाशी नको. रेल्वेने जायचं तर करमळीहून सकाळी मांडवी आणि संध्याकाळी कोकणकन्या, दोन्ही कुडाळला थांबतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, शिवाय करमळीपर्यंत रिक्षा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या वेळा वेगळ्या असतात, तेही बघून घ्या. मी स्वतः एसटीच घेईन.

तुमच्यासारखा प्रश्न पडलेल्या पण थेट सावंतवाडी-कुडाळकडे जाणाऱ्यांसाठी: पणजीला जाऊ नका, तो उलटा रस्ता आहे. मोपा आमच्या बांद्याच्या कुशीत आहे. बांद्यापर्यंत घरची गाडी बोलवा किंवा टॅक्सी करा, बांद्याहून सावंतवाडीला दिवसा एसटी मिळते. चतुर्थीच्या परतीच्या दिवसांत मात्र डेपोतल्या बऱ्याच गाड्या मुंबईकडे लागतात, तेव्हा एसटीच्या भरवशावर राहू नका.

ताई, आता तुमच्याकडून एकच काम: आत्यांना आज फोन करा आणि विचारा, रात्री साडेनऊला पाटोवर कोण येऊ शकेल. नाव मिळालं तर कदंबा, आणि त्या माणसाचा नंबर बाबांच्या खिशात कागदावर लिहून. नाव मिळालं नाही तर टॅक्सी, आणि बाबांना सांगा की पैसे बहिणीने आधीच भरलेत, म्हणजे वाद नको. आठवड्याच्या कुठल्या दिवशी येताहेत ते इथे लिहा. मी त्या आधी पणजीला गेलो तर पाटोच्या खिडकीवर शेवटच्या गाडीची वेळ विचारून तुम्हाला कळवतो.