नाल्याचा आराखडा आणि २१०० सालचा पाऊस

प्रश्न : मी नाल्यांचे आणि लहान पुलांचे आराखडे करते. हल्ली हवामान मॉडेलचे आकडे धरूनच आराखडे करा, असा आग्रह होतो. पण दहा दिवसांनंतरचा पाऊस ज्यांना नीट सांगता येत नाही, ते २१०० सालचे काय सांगणार? शिवाय मॉडेलमधले आकडे हवे तसे फिरवून घेतात म्हणे. खरे काय?

उत्तर : फिरवून घेतात, हे खरे, तिथूनच सुरुवात करतो. माझी नोकरीची बरीच वर्षे मॉडेलमधल्या ढगांवरच गेली. जागतिक मॉडेल म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचे संगणकावरचे गणित. ते पृथ्वीचे साधारण शंभर किलोमीटरचे चौकोन पाडते. गडगडाटी ढग जेमतेम काही किलोमीटरांचा. एवढ्या मोठ्या चौकोनात तो मॉडेलला दिसतच नाही. मग त्याचा परिणाम सूत्राने घालायचा. ढगातले बर्फकण किती वेगाने खाली येतात, असले आकडे त्या सूत्रात असतात. निरीक्षणांवरून ते अमुक ते अमुक एवढेच कळतात. त्या मर्यादेत ते असे बसवतात, की पृथ्वीवर येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळावा. बारीक चौकोन का घेत नाही? बाजू निम्मी केली की आकडेमोड आठ-दहापट होते.

ढगांनी आम्हाला किती छळले पाहा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान १.५ ते ४.५ अंश वाढेल, असे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने १९७९ साली म्हटले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरील मंडळाच्या २०२१ च्या अहवालात ते २.५ ते ४ झाले. तेही एकट्या मॉडेलांच्या जिवावर नाही, प्रत्यक्ष मोजणी आणि प्राचीन हवामानाचे पुरावे जोडून. नव्या मॉडेलांपैकी काहींनी तर पाच अंशांहून जास्त वाढ दाखवली होती.

मग भरवसा कशावर ठेवायचा? आधीच सांगून ठेवलेल्या आणि नंतर तपासता आलेल्या उत्तरांवर. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या गणितात कार्बन डायऑक्साइड वाढला की खालची हवा तापते आणि वरचे स्थितांबर (ढगांच्या थराच्या वरचा हवेचा थर) थंड होते, असे निघाले. सूर्य तापल्यामुळे वाढ झाली असती, तर स्थितांबरही तापले असते. पुढे मोजणीत ते थंड होतानाच दिसले. (ओझोन घटल्याचाही त्यात वाटा आहे, पण सगळ्यात वरच्या भागात कार्बन डायऑक्साइडची खूण स्पष्ट आहे.) जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी उसळला, तेव्हा नासातले हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांच्या गटाने पृथ्वी साधारण अर्धा अंश थंडावेल असे सांगितले, आणि पुढच्या वर्षी जवळपास तसेच घडले.

आता दहा दिवसांचे. तो अंदाज आजच्या हवेच्या मोजणीवर उभा असतो, आणि मोजणीतली बारीकशी चूकही झपाट्याने वाढत जाते. हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच हे दाखवले. २१०० साठी आजची हवा गौण आहे. सुरुवात किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवा : वादळांच्या तारखा दर वेळी वेगळ्या, तीस वर्षांची जागतिक सरासरी मात्र जवळपास तीच. तिथे खरा प्रश्न आपण किती कोळसा आणि तेल जाळणार हा असतो, आणि त्याचे उत्तर मॉडेलकडे नाही. म्हणून ते ‘इतके जाळले, तर इतके तापेल’ एवढेच सांगते.

तुमचा नाला या सगळ्यात अडचणीच्या जागी आहे. एखाद्या प्रदेशात वर्षाचा पाऊस वाढेल की घटेल, यावरही मॉडेलांचे अनेकदा एकमत नसते. तासाभराची मुसळधार सर तर शंभर किलोमीटरच्या चौकोनाला पकडताच येत नाही. बारीक चौकोनांची प्रादेशिक मॉडेले आहेत, पण मूळ मॉडेलच्या चुका त्यांच्यात उतरतात. एक गोष्ट मात्र पक्की : हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाया जवळच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींचा घ्या, त्यावर दर अंशामागे निदान एवढी वाढ धरा, आणि मग अनेक मॉडेलांची आकड्यांची व्याप्ती लावून आराखडा कुठे तुंबतो ते पाहा. एकाच मॉडेलचा, एकाच चौकोनाचा, दशांश चिन्हापुढे दोन अंक असलेला आकडा कुणी हातात ठेवला, तर बाकीच्या मॉडेलांचे आकडे मागितल्याशिवाय सही करू नका.