सातवीतल्या मुलीने हायस्कूलच्या क्रॉस कंट्री शर्यतीत धावावे का?

आपली मुलगी न्यूयॉर्क राज्यात सातवीत आहे, प्रशिक्षकांना ती हायस्कूलच्या (म्हणजे नववी ते बारावीच्या) क्रॉस कंट्री संघात, माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी हवी आहे, तर होकार द्यावा का, असे आपण विचारले आहे. आमची थोरली याच राज्यात आठवीत असताना आम्ही होकार दिला होता. आज विचाराल तर, ती वेगाने धावते एवढ्या एकाच कारणासाठी तो देऊ नये, असे मी सांगेन.

न्यूयॉर्कमध्ये सातवी-आठवीच्या मुलांना व्हार्सिटी, म्हणजे हायस्कूलच्या मुख्य संघात घेण्यापूर्वी पालकांची संमती, शारीरिक वाढीची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षकांचा अभिप्राय आणि तंदुरुस्तीची चाचणी आवश्यक असते. कॅलिफोर्नियात तर नववीच्या आधी हायस्कूलच्या संघातून धावताच येत नाही. मात्र या सगळ्या तपासण्या आजच्या शरीराच्या असतात. बाराव्या वर्षीच्या हलक्या अंगामुळे मिळालेला वेग, वयात येताना उंची, वजन आणि कंबरेची ठेवण बदलू लागली की वर्ष-दोन वर्षे मंदावू शकतो, आणि ही नैसर्गिक गोष्ट व्हार्सिटीत नाव झालेल्या मुलीला स्वतःचे अपयश वाटू लागते. आपल्याला केटलिन टूईचे उदाहरण नक्की ऐकवले जाईल. याच राज्यातल्या या मुलीने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे नायकी क्रॉस नॅशनल्स ही हायस्कूलच्या धावपटूंची राष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यत जिंकली आणि २०२२ मध्ये महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. तिचे कौतुक मलाही आहे, पण अशा एकीवरून आपल्या मुलीचा निर्णय घेता येत नाही.

आमच्याकडे घडले ते असे. या शर्यतीत संघातून सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज हे संघाचे गुण असतात. आमची मुलगी बहुधा संघात पाचवी असे. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी ती कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरताना मला दिसली. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. पाय तीन आठवडे दुखत होता, पण आपण थांबलो तर बारावीतल्या ताईंचा शेवटचा हंगाम वाया जाईल, या भीतीने तिने तो लपवला होता. तेरा वर्षांच्या मुलीवर हे ओझे टाकले गेले आणि आमच्या ते लक्षात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून प्रशिक्षकांना आधी हे विचारा की आठवड्याला किती मैल धावायचे, विश्रांतीचे दिवस किती, आणि पुढच्या वर्षी तिची वेळ मिनिटभराने वाढली तर ते काय करतील. मुलीचे खाणेपिणे, तिची पाळी आणि रक्तातले लोह यांबद्दल बालरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. उत्तरांनी समाधान झाले नाही, तर तिला मॉडिफाइड, म्हणजे लहान वर्गांतल्या मुलांसाठीच्या कमी अंतराच्या शर्यतींमध्येच धावू द्या. तिच्या वयाच्या मैत्रिणी तिथेच असतात. धाकटीच्या वेळी आम्ही तेच केले. ती आता नववीत जाईल आणि ऑगस्टच्या अखेरीस हायस्कूलच्या सरावाला पहिल्यांदा उतरेल.