आवक-जावक : श्रावणातलं टपाल

या खेपेला १९ पत्रं आली, त्यातली चार भिजून. एका पाकिटावरचा पत्ता पार धुऊन गेला होता, तरी पोस्टमनने बरोबर माझ्याच घरी आणून टाकलं. लोकांच्या नगरपरिषदेच्या तक्रारी घेऊन बसणारी रिकामटेकडी बाई या भागात एकच, हे त्याला ठाऊक आहे. नव्या वाचकांसाठी सांगते. मी एका 'क' वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली २२ आवक-जावकच्या टेबलावर. माणसं तावातावाने येऊन अर्ज टेबलावर आपटायची, मी शिक्का मारून पोच द्यायचे. पुढे त्या अर्जाचं काय होतं, हे बघता बघता केस पांढरे झाले.

*

"काकी, आमची आळी अगदी समुद्राकडची. पानी येता खरा, पण कळशी भरीसर जाता. बाहेर धो धो पाऊस आणि घरात नळ कोरडा, हे कसलं नशीब? वरच्या आळीत टाक्या भरून वाहतात. पहिल्या दोन बादल्या तर तांबड्याच येतात. पाणी सोडणाऱ्या वॉलमनला विचारलं तर नुसता हसतो."
– एक सूनबाई, खालची आळी

सूनबाई, वॉलमन हसतो कारण त्याला उत्तर माहीत असतं आणि ते बोलून दाखवायची त्याची सोय नसते. मी सांगते.

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो काही नळात पडत नाही. नदीकाठच्या जॅकवेलवरून (पाणी उपसायच्या विहिरीवरून) पाणी पंपाने वर चढवायचं, तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, गाळायचं, क्लोरिन द्यायचं, मग ते जलकुंभात. पावसात नदी लाल होते, गाळायला दुप्पट वेळ लागतो आणि लाइट दिवसातून चारदा जाते. त्यामुळे ऐन श्रावणात टाकी अर्धी भरते. हे झालं सगळ्या गावाचं दुखणं. तुमचं दुखणं वेगळं आहे.

तुमची आळी उतारावर, टाकीपासून खाली. पाणी उताराने येतं, तेव्हा दाब तुमच्याकडे वरच्या आळीपेक्षा जास्त असायला हवा. लाइनच्या टोकाला असलात तरी कळशीभर पाण्याचे वांधे व्हायचे नाहीत. ते होतात म्हणजे वाटेत कुणीतरी ओढतंय. नळाला थेट मोटर.

खात्री करायची असेल तर एक जुनी युक्ती आहे. पाण्याच्या वेळेला लाइट जाईल तो दिवस धरा. या दिवसांत फार वाट बघावी लागणार नाही. टाकीतून येणाऱ्या पाण्याला लाइट लागत नाही, मोटरला लागते. लाइट गेल्या गेल्या तुमच्या नळाला एकदम धार आली, तर चोर सापडला. घड्याळ बघून वहीत लिहा: लाइट गेली ६.२०, धार वाढली ६.२२, लाइट आली ६.४५, धार गेली. असे तीन दिवस लिहिलेत की तुमच्या हातात जे असेल ते अभियंत्यालाही खोडता यायचं नाही.

तांबड्या पाण्याची दोन कारणं असतात. समुद्राकडच्या खाऱ्या जमिनीत जुने लोखंडी पाइप आतून बाहेरून गंजतात आणि रात्रभर उभं राहिलेलं पाणी तो गंज घेऊन पहिलं बाहेर येतं. दोन बादल्यांनंतर स्वच्छ झालं तर बहुधा गंजच, झाडांना घाला. पण पाण्याला वास असेल, गढूळपणा शेवटपर्यंत राहत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. मोटरने ओढलं की पाइपात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून बाहेरचं गटाराचं पाणी आत शोषलं जातं. मग उकळल्याशिवाय एक घोटही कुणाला देऊ नका आणि पाणीपुरवठा विभागाकडे ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरिनची तपासणी, मागा. छोट्या काचनळीत तुमच्या नळाचं पाणी घेतात, औषधाचे काही थेंब टाकतात. पिवळं झालं तर क्लोरिन तुमच्यापर्यंत पोचतंय. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पाणी पांढरंच राहिलं तर ते काचेतून तुम्हीही बघा आणि तपासनिसाला तुमच्यासमोर लिहायला लावा.

आता अर्ज. "पाणी येत नाही, योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका. या मजकुराचे हजारो अर्ज मी आवक केले आणि ते ज्या फाइलला लागले तिला आम्ही आपसात 'समुद्र' म्हणायचो. तुमच्या वहीतली तीन दिवसांची वेळ उतरवा, गल्लीतल्या पाच घरांच्या सह्या घ्या आणि दोनच गोष्टी मागा: आळीतल्या जोडण्यांची मोटरसाठी तपासणी आणि व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या वेळांची नोंद. नळाला थेट मोटर लावायला परवानगी नसतेच. सापडली तर जप्त करतात, जोडणी तोडतात. शेजाऱ्याचं नाव लिहू नका. पाण्यावरून तुटलेल्या शेजारणी मी गणपतीच्या आरतीलाही एका अंगणात येताना पाहिलेल्या नाहीत.

अर्ज दोन प्रतींत. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. महिनाभरात हालचाल नाही झाली तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तोच आवक क्रमांक लिहून विचारा, की यावर काय झालं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हे मी शहाणपणाने सांगतेय, पण माझं स्वतःचं ऐका. माघात आमच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा गेला. मी म्हटलं, सगळी आपलीच माणसं. फोन केला. "हो काकी, उद्याच." शिमगा झाला. पुन्हा फोन. "हो काकी." अक्षय्य तृतीयाही अंधारात. शेवटी अर्ज घेऊन गेले, माझ्याच जुन्या टेबलापाशी. तिथे आता एक चुणचुणीत मुलगी बसते. तिने अर्ज वाचला आणि विचारलं, "दुसरी प्रत?" मी एकच नेली होती.

*

"नातवाला घेऊन बालोद्यानात जातो. एका झोपाळ्याची साखळी मे महिन्यापासून तुटलेली, कुणीतरी नायलॉनची दोरी बांधून ठेवली आहे. शेजारच्या ओपन जिमची पेडलं गंजून जाम झाली आहेत. बसवून दोन वर्षंही झाली नाहीत. पैसे होते तर दुरुस्तीला का नाहीत?"
– एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, आधी ती दोरी उद्या सकाळी कापा आणि झोपाळा वर गुंडाळून ठेवा. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणा.

नवीन वस्तू बहुतेक अनुदानातून येते. जिल्हा नियोजनचा निधी, कुठली तरी योजना, आमदार निधी. त्या पैशांत खरेदी बसते, फलक बसतो, नारळ फुटतो. साखळीची कडी बदलायला मात्र नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा लागतो, म्हणजे तुमची-माझी घरपट्टी. 'क' वर्गाच्या गावात पगार, वीजबिल आणि डिझेल देऊन त्यातलं काय उरतं ते मी लेखा विभागाच्या दारातून बरंच बघितलंय. म्हणून नवीन जिम येते आणि जुन्या जिमला तेल मिळत नाही.

खारा वारा हे दुसरं कारण. घाटावरच्या गावात जे लोखंड दहा वर्षं टिकतं ते आपल्या बंदरावर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. नुसता रंग मारलेलं साहित्य इथे घेऊच नये. जस्ताचा मुलामा दिलेलं घ्यावं आणि बेअरिंगला ग्रीस दर दोन महिन्यांनी. तुम्ही अर्जात खरेदीच्या वेळचा दोषदायित्व कालावधी विचारा. तो अजून सुरू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते आणि ही गोष्ट कार्यालयातही पुष्कळदा कुणाच्या लक्षात नसते. ठेकेदाराच्या मात्र पक्की लक्षात असते, मुदत संपेपर्यंत तो त्या बागेकडे फिरकत नाही.

*

"मुलगी साडेचार वर्षांची. जन्मदाखल्यावर नावच नाही, शाळेत मागतात. बाळंतपण माहेरी झालं होतं. इथल्या नगरपरिषदेत गेले तर 'आमच्याकडे होत नाही' म्हणाले."
– एक आई

ते बरोबर बोलले, फक्त अर्धं बोलले. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहता कुठे याला अर्थ नाही. माहेरच्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जावं लागेल. पहिल्या वर्षात नाव फुकट घालतात, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इंग्रजी स्पेलिंग घरीच कागदावर लिहून न्या आणि सही करण्याआधी संगणकाच्या पडद्यावर स्वतः वाचा. एकदा चढलेलं नाव हौसेने बदलता येत नाही. दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये येतो. मुदतीत मिळाला नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. हे वाक्य खिडकीपाशी हळू आवाजात म्हटलं तरी चालतं.

*

"आमचा दीड दिवसांचा गणपती. गेल्या वर्षी नगरपरिषदेने साडेचार ते साडेसहा अशीच वेळ दिली, निवांत आरत्या म्हणू दिल्या नाहीत. विसर्जनाला पण ऑफिस टायमिंग?"
– एक नाराज भक्त

ती वेळ ऑफिसची नाही, समुद्राची आहे. तिथीला तिनाने गुणा आणि चाराने भागा, भरतीची वेळ येते. आमच्या आजोबांना शाळा माहीत नव्हती, हे गणित माहीत होतं. दीड दिवस म्हणजे पंचमी: पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, बंदराबंदराचा फरक असतो. मग पाणी वळतं आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओघ बाहेर जायला लागतो. साडेचार ते साडेसहात सोडलेली मूर्ती त्या ओघात जाते. रात्री नवाला गेलात तर पाणी लांब गेलेलं, तुम्ही चिखलातून चालणार आणि मूर्ती सकाळी कुत्र्यांच्या पायाशी.

अनंत चतुर्दशीला करून बघा. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. सकाळी एक भरती, रात्री एक. साडेचारला पूर्ण ओहोटी, म्हणजे संध्याकाळी मिरवणूक पुळणीवर पोचते तेव्हा पाणी तुमच्याकडे चढत येत असतं. शिवाय पौर्णिमा तोंडावर, म्हणजे उधाण. तेव्हा गुडघ्याच्या पुढे आपण जायचं नाही. मूर्ती खारव्यांच्या आणि जीवरक्षकांच्या हातात द्यायची. त्यांना पायाखालची वाळू सरकायला लागली की कळतं, आपल्याला छातीला पाणी लागल्यावर कळतं.

निर्माल्य समुद्रात नको, कलशात. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मूर्ती सांगतानाच मातीची सांगा. आणि आरत्या सकाळी लवकर सुरू करा हो.

*

"घंटागाडीवाला माडाची चुडतं (झावळ्या) आणि नारळाची सोडणं (सालं) घेत नाही. मासळीची घाण घेतो, पण तोंड वाकडं करून."
– एक गृहिणी, बाजारपेठ

तोंड वाकडं करायचा त्याला हक्क आहे, ती घाण तो दोनशे घरांची घेतो. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा (बॅटऱ्या, औषधं) वेगवेगळा द्यायचा, हे २०१६ पासून नियमात आहे. चुडतं आणि सोडणं गाडीत घातली की गाडी तिसऱ्या आळीतच भरते. मागे जागा असेल तर सोडणं माडाच्या आळ्यात उपडी रचा, ओल धरून ठेवतात. मासळीची घाणही तिथेच हातभर खोल पुरा, वर राख. आमचा एक माड त्याच्यावर वाढलाय, शहाळी बघायला या. जागा नसेल तर महिन्यातून एकदा झाडपाल्यासाठी वेगळी गाडी मागायचा अर्ज आळीने मिळून द्या. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा घरातूनच वेगळा घेऊन डेपोचं पर्यटनस्थळ करून दाखवलं, प्लास्टिक डांबरात घालून रस्ते केले. तेही कोकणातलंच गाव आहे, तिथेही माड आहेत.

*

"जत्रेत दशावतार रात्रभर चालतो, मग आम्हाला माइक १० लाच बंद का करायला लावतात? खुला रंगमंच तर नगरपरिषदेचा."
– एक नाट्यवेडा

रंगमंच नगरपरिषदेचा, माइकची परवानगी पोलिसांची. दोन वेगळे अर्ज. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ठरवून १२ पर्यंत सूट मिळते. दशावताराला मात्र मृदंग, झांज आणि पायपेटी पुरते. माझ्या लहानपणी संकासुराचा आवाज माइकशिवाय पार तळीच्या काठापर्यंत यायचा आणि आम्ही गोधडीत शिरायचो.

*

शेवटचं पोस्टकार्ड, सही नसलेलं: "काकी, दुसऱ्यांना सांगता, तुमच्या घरासमोरचा दिवा लागला काय?"

लागला. दोन प्रतींतल्या अर्जानंतर नवव्या दिवशी. आता तो दिवसाही चालूच असतो. परवा अर्ज दिलाय, आवक क्रमांक घेतलाय.