कार्डात गेलेले पैसे बाहेर कसे येतात?

प्रीपेड कार्ड आणि वॉलेट याबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी गाडी एकाच ठिकाणी अडते. पैसे आत टाकताना ते बाहेर कुठून निघणार हे कुणी विचारलेलंच नसतं.

गिरगावात राहते. घरून पुरणपोळ्या आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. बरीच गिऱ्हाइकं ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे पाठवतात. त्याच कंपनीचं प्रीपेड कार्ड मिळालंय. साडेआठ हजार काढायला एटीएमवर गेले, तर मशीन नाहीच म्हणतं. पैसे बुडाले का?

बुडाले नाहीत, ताई. तुमचं वॉलेट बहुतेक ‘किमान केवायसी’चं आहे. मोबाइल नंबर, ओटीपी आणि एखाद्या ओळखपत्राचा नंबर एवढ्यावर उघडलेलं. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार अशा वॉलेटात एका वेळी 10,000 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. त्यातून फक्त खरेदी होते. रोख निघत नाही, दुसऱ्याला पैसेही पाठवता येत नाहीत.

मी बँकेत काउंटरवर होतो तेव्हा एक बाई अशाच आल्या होत्या. कार्ड काउंटरवर ठेवलं, फोन माझ्यापुढे धरला. शिल्लक ठळक अक्षरांत दिसत होती आणि तिच्याखाली, फिकट राखाडी रंगात, ‘किमान केवायसी’. दोन महिने त्या रोज ते ॲप उघडत होत्या, ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. तुम्हीही आधी प्रोफाइलमध्ये जाऊन तेवढं बघा.

मग पूर्ण केवायसी करून घ्या. आता बऱ्याच कंपन्या ते व्हिडिओ कॉलवरही करतात, आधार आणि पॅन हाताशी ठेवा. पूर्ण केवायसीनंतर शिल्लक 2 लाखांपर्यंत ठेवता येते आणि पैसे स्वतःच्या बँक खात्यात वळवता येतात. पण एटीएमचं गणित नीट समजून घ्या. कार्ड बँकेचं नसून वॉलेट कंपनीचं असेल तर एका वेळी जास्तीत जास्त 2,000 आणि महिन्याला एकूण 10,000 रुपये इतकीच रोख निघते. म्हणजे तुमचे साडेआठ हजार काढायला पाच वेळा मशीनसमोर उभं राहायचं, आणि कंपनीचं शुल्क असेल तर ते प्रत्येक वेळी, वर त्यावर 18 टक्के जीएसटी. नारळ आणायला भुलेश्वरला जाताना हातात रोख हवी असते हे मला कळतं, पण त्यासाठी पैसे बँक खात्यात वळवून तिथून काढलेले बरे.

खरं सांगू का, गिऱ्हाइकांना थेट बँक खात्याचा यूपीआय कोड द्या. वॉलेटात पडलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही. बँक ठेवींना 5 लाखांपर्यंत जे विम्याचं संरक्षण आहे, तेही वॉलेट कंपनीकडच्या शिलकीला नाही. कष्टाची कमाई तिथे साठवू नये.

कंपनीने दिवाळीला 10,000 रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. मुलीची फी भरायची आहे, रोख करून मिळेल का? ओळखीचा एक जण साडेआठ हजार देऊन कार्ड घ्यायला तयार आहे. (परळ)

रोख मिळणार नाही, दादा. गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादाच 10,000 आहे, ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख काढायला किंवा पैसे वळवायला नियमानेच मनाई आहे. आणि फार तर पैसे ‘मूळ खात्यात’ परत जाऊ शकतात. मूळ खातं तुमच्या कंपनीचं, तुमचं नाही.

ओळखीच्या माणसाला कार्ड विकू नका. दीड हजार तर जातीलच, शिवाय ते कार्ड पुढे कुठे आणि कशासाठी वापरलं जाईल यावर तुमचा ताबा उरणार नाही. त्यापेक्षा पगारातून जो किराणा भरणारच आहात तो या कार्डावर भरा आणि वाचलेले रोख पैसे फीला लावा. एक गोष्ट दुकानात हमखास नडते. बिल 2,340 आणि कार्डात उरलेत 2,310, तर मशीन अख्खा व्यवहार फेटाळतं, असेल तेवढे कापून घेत नाही. म्हणून कार्ड देण्याआधीच काउंटरवर सांगा, ‘2,310 कार्डावर मारा, वरचे 30 रोख घ्या.’ मुदतीची तारीखही आजच बघून ठेवा.

मेट्रोच्या कार्डात चुकून जास्त पैसे भरले. परत मिळतील?

केवायसीशिवाय मिळालेलं, फक्त प्रवासासाठीचं कार्ड असेल तर नाही. त्यात जास्तीत जास्त 3,000 रुपये राहतात, रोख, परतावा काहीच होत नाही. पण नियमाने त्याला कायमची मुदत असू शकते. प्रवास करत राहा, वसूल होतील.

मुलुंडला राहून परदेशी प्रकाशकांसाठी चित्रं काढतो. पैसे पेपालवर येतात. मित्र म्हणतो, परदेशी कंपनीचं प्रीपेड कार्ड घे, डॉलर तिथेच ठेव आणि लागतील तसे वापर. चालेल का?

हा सल्ला ऐकू नका. भारतात राहून परदेशातून कमावलेलं चलन देशात आणणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने बंधनकारक आहे. पेपालच्या भारतीय खात्यातली रक्कम भारतीय बँक खात्यातच उतरते आणि आपोआप उतरते, ते याच चौकटीमुळे. बाहेरच्या कार्डावर डॉलर साठवले की आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवण्याचा प्रश्नही उभा राहतो.

बँकेत पैसे येण्याचा तुमचा स्वतःचा फायदाही मोठा आहे. परकीय चलन मिळाल्याचा दाखला मिळतो. जीएसटीत नोंदणी असेल तर सेवेची निर्यात शून्य दराची ठरवायला तोच लागतो, आणि उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलात तर बँक असल्याच नोंदी मागते.

जोखमीचं उदाहरणही देतो. जून 2020 मध्ये वायरकार्ड ही जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या कंपनीचे व्यवहार थांबवले आणि तिनेच काढलेली, पण पेओनियर या परदेशी पैसे घेण्याच्या सेवेच्या नावाची प्रीपेड कार्डं काही दिवस गोठली. जगभरच्या फ्रीलान्सरांचे पैसे डोळ्यांसमोर होते, पण भाडं भरायला हात बांधलेले. कार्डावर नाव एका कंपनीचं असतं आणि कार्ड काढणारी कंपनी दुसरीच असू शकते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

एका साइटवर सर्व्हे भरायचं काम केलं. खात्यात 18,400 रुपये दिसतात. काढायचे तर 999 चं प्रीपेड कार्ड घ्या म्हणाले, ते घेतलं. आता ‘कर’ म्हणून 1,500 मागतात. भरू का? माझी मैत्रीणही तिथेच काम करते. (कुर्ला)

एक पैसाही भरू नका, ताई. तो 18,400 चा आकडा फक्त पडद्यावर आहे. तुमचेच पैसे तुम्हाला द्यायला कुणी आधी पैसे मागत असेल तर ती फसवणूक असते. शुल्क असेलच तर ते रकमेतून कापून घेतात. 1,500 भरलेत की पुढे ‘कार्ड चालू करण्याचे’ मागतील.

आत्ता 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. 999 ज्या बँकेतून गेले त्या बँकेलाही लगेच कळवा, थांबू नका. फोन करण्याआधी चॅटचे, त्या आकड्याचे आणि पैसे पाठवल्याच्या पावतीचे स्क्रीनशॉट काढा, कारण तुम्ही प्रश्न विचारायला लागलात की ते तुम्हाला ग्रुपमधून काढतील आणि सगळं पुसतील. लाज वाटून गप्प बसू नका. मैत्रिणीला आजच फोन करा, तिच्याकडेही कदाचित तेच 1,500 मागत असतील.