डीपीएफचा दिवा, 4 किलोमीटरवरचं ऑफिस आणि 10 हजार किलोमीटरची सर्व्हिस

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. बीएस6 डिझेल गाडी, घर ते ऑफिस 4 किलोमीटर, तेही सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून 20 मिनिटं, वर्षाचं रनिंग जेमतेम 5 हजार किलोमीटर, डीपीएफचा (म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरचा) पिवळा दिवा दोनदा लागून आपोआप गेला आणि सर्व्हिसवाले म्हणतायत "10 हजार किलोमीटर होऊ देत, मग आणा". शब्दन् शब्द माझी जुनी गोष्ट आहे ही. मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या बुकलेटचा, पण मी ज्यातून गेलोय ते सांगतो.

टायरची हवा, कूलंट वगैरे तुम्ही बघतच असाल, ते सोडतो. मुद्दा असा की किलोमीटर बघून सर्व्हिस ठरवायची पद्धत तुमच्या-माझ्यासारख्यांना लागूच पडत नाही. साधा हिशोब करा. 4 किलोमीटरला 20 मिनिटं म्हणजे ताशी 12 चा सरासरी स्पीड. त्या वेगाने 5 हजार किलोमीटर म्हणजे इंजिन चारशेच्या वर तास चाललं. तेवढ्याच तासांत हायवेवर ताशी 60 ने जाणाऱ्याचे 25 हजार होतात, आणि त्याच्या दोन सर्व्हिस होऊन गेलेल्या असतात, आपली एक पण नाही. वर आपलं इंजिन नीट गरम व्हायच्या आतच बंद होतं. बुकलेटमध्ये मागच्या बाजूला कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचं वेगळं वेळापत्रक असतं, छोट्या फेऱ्या, थांबत थांबत चालवणं, धूळ, घाट, सगळं त्यात येतं. ते पान आधी वाचा. मी वाचलं तेव्हा उशीर झाला होता.

आता माझी चूक. गाडी घेऊन सातवा-आठवा महिना असेल, रविवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली, परत घालून काढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर. आणि मला आनंद झाला! म्हटलं इंजिन ऑइल खात नाहीये, छान आहे. पट्टीच्या टोकावरून थेंब पाण्यासारखे पटपट गळत होते, बोटांना डिझेलचा वास येत होता, तो वास आदल्या दिवशी पंपावर लागला असेल असं समजून हात धुतले आणि वर गेलो. ऑइलची लेव्हल कमी होऊ शकते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती वाढते म्हणजे काय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

होतं असं की डीपीएफमध्ये काजळी साठली की ती जाळायला गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडते, ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळून फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापतो आणि काजळी जळते. यालाच रिजनरेशन म्हणतात. याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. आपण मध्येच ऑफिस आलं म्हणून बटण दाबून उतरतो. काम अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू, परत अर्धवट, आणि त्यातलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. ऑइल पातळ होतं, लेव्हल वर जाते, आणि त्या पातळ ऑइलवर टर्बोचं (इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग फिरत असतं.

त्या काळात मी सर्व्हिस सेंटरला तीनदा गेलो. नाव घेत नाही. पहिल्यांदा स्कॅनर लावून दिवा घालवला, दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर जबरदस्तीने रिजनरेशन केलं, त्याचे पैसे घेतले, आणि ऑइलला हात पण लावला नाही. मी विचारलं ऑइल बदलू का, तर उत्तर आलं "सर, अजून 4 हजारच झालेत, कशाला पैसे घालवता". जॉब कार्डवर तिन्ही वेळा फक्त "चेक केले, ओके". मग आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी चढताना गाडीचा जीवच गेला, आरपीएमची सुई दोन हजारांच्या वर जाईना, मागे ट्रकची रांग, हॉर्न, आई मागच्या सीटवर घाबरून देवाचं नाव घेतेय आणि आम्ही वीसच्या स्पीडने कडेकडेने वर चढतोय. डीपीएफ आणि टर्बो दोन्ही बदलले, बिल 1 लाख 14 हजार, आणि वॉरंटी नाकारली, का तर "चालवण्याच्या पद्धतीमुळे". दोन महिने ईमेलवर भांडत राहिलो. माझ्या तक्रारीचा कागदावर पुरावाच नव्हता, कारण ती कुणी लिहून घेतलीच नव्हती! आजही आठवलं की संताप होतो. म्हणून कळकळीने सांगतो, तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ऑइलची लेव्हल किती आणि डीपीएफमध्ये काजळी किती टक्के ते स्कॅनरवर दिसतं, त्या स्क्रीनचा फोटो काढा, मगच सही करा.

मी आता काय करतो, तर ऑइल 5 हजार किंवा 6 महिने, जे आधी होईल ते, सर्व्हिस सेंटरवाले काहीही म्हणोत. ऑइल बुकलेटमधल्याच ग्रेडचं, लो अ‍ॅशवालं, डब्यावर एसीईए सी2 किंवा सी3 असा ऑइलच्या दर्जाचा जो कोड तुमच्या गाडीला सांगितलंय तेच. बाहेरचं कुठलंही स्वस्त डिझेल ऑइल टाकू नका, त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही, कायमची राहते. काजळी पूर्ण जळावी म्हणून दर रविवारी सकाळी नवले पुलावरून खेड शिवापूरच्या बाजूला जाऊन परत येतो, चौथ्या गियरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास सलग. पण दिवा ब्लिंक होत असेल किंवा सोबत इंजिनचा दिवा पण लागला असेल तर हे करू नका, सरळ वर्कशॉप गाठा. आणि गाडी उभी केल्यावर पंखा जोरात फिरत असेल, आयडलिंग नेहमीपेक्षा वर असेल, गरम जळका वास येत असेल तर रिजनरेशन चालू आहे असं समजा, शक्य असेल तर बंद न करता अजून एक फेरी मारून या. अशा वेळी वाळक्या गवतावर मात्र गाडी लावू नका.

सगळ्यांनी माझ्यासारखंच करावं असं नाही हां. माझा मेहुणा लातूरहून रोज शंभर किलोमीटर हायवे करतो, त्याला ऑइल 10 हजार किलोमीटर पुरतं, पण शेतरस्त्याच्या धुळीने त्याचा एअर फिल्टर निम्म्या वेळातच मातीने भरतो. चिपळूणचा भाऊ दर पावसाळ्यानंतर गाडी खालून धुऊन घेतो, दारांच्या खालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करतो. घाट जास्त असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच, ते हवेतला ओलावा ओढतं. नव्या डॉट 4 प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 डिग्री असतो, पाणी मुरलं की 155 पर्यंत येऊ शकतो, आणि उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ लागायला लागतं. आणि हो, पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, मी बॉनेटखाली तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवतो, माझ्याकडे तरी फरक पडलाय.

छोट्या फेऱ्यांना डिझेल घेऊच नये हे माझं ठाम मत आहे, पण तुम्ही घेतलीच आहे तर आता तो विषय नको. उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, थंड असताना डिपस्टिक काढा, टिश्यूवर थेंब टाकून वास घ्या आणि पट्टीचा फोटो इथे टाका. लेव्हल मॅक्सच्या वर असेल तर गाडी चालवू नका, ऑइल बदलेपर्यंत रिक्षाने जा.